शाळा बघायला निघालेल्यांचे कपडे

ऑक्टोबर लागला की आमच्या दुकानात ब्लेझर यायला लागतात. आठवीतल्या मुलांचे, त्यांच्या धाकट्या भावंडांचे, कधी त्यांच्या बाबांचे. बहुतेक सगळे गडद निळे. ओळीनं हँगरवर लावले की दुकान एखाद्या वर्गासारखं दिसतं, आणि मी उगाचच स्वतःची कॉलर सारखी करायला लागते, जणू मुलाखत माझीच आहे.

दुकान आईचं आहे. मॉरिसव्हिलमध्ये, एक भारतीय किराणा दुकान आणि एक फोन दुरुस्तीवाला यांच्या मधल्या गाळ्यात. दोन मशीन, एक वाफेची इस्त्री, पडदा लावलेली ट्रायलची जागा आणि मोठा आरसा. आई नवीन कपडे शिवत नाही, असलेले कपडे अंगाला बसवून देते. मी तेरा वर्षांची असल्यापासून तिथं काम करते. आता वीस पूर्ण झाली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘कामाचे अनुभव’ लिही, असं संपादक काकू म्हणाल्या तेव्हा मी म्हटलं, काकू, मी अजून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रिटायर झालेल्या एखाद्या काकांना सांगा ना. त्या म्हणाल्या, “त्यांचं दरवर्षी येतंच गं.” त्यामुळं लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. आई इचलकरंजीत सातवीपर्यंत शिकली, बाबा दहावीपर्यंत. आत्यानं बोलावून घेतलं म्हणून मी अकरा वर्षांची असताना आम्ही इथं आलो. बाबा एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. हे सांगायचं कारण एवढंच, की बोर्डिंग स्कूल बघायला जाणाऱ्या कुटुंबांना मी सहा वर्षं सल्ले दिले, आणि तशी एक शाळाही मी स्वतः पाहिलेली नव्हती.

ज्यांच्या घरात हा प्रकार झालेला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथल्या निवासी शाळा नववीपासून मुलांना घेतात. त्याआधी, ऑक्टोबरपासून हिवाळाभर, शाळा सगळ्या कुटुंबाला बोलावते. तिथलाच एक विद्यार्थी तुम्हाला आवारात फिरवतो. मग मुलाशी वेगळं बोलतात, आईवडिलांशी वेगळं. शाळा त्याला ‘गप्पा’ म्हणते, पण घरी दोन महिने तयारी चाललेली असते. आमच्या एक गिऱ्हाईक काकू म्हणाल्या होत्या, “बघण्याचा कार्यक्रमच गं हा. फक्त पोहे त्यांच्याकडचे.”

शाळेच्या ईमेलमध्ये कपड्यांबद्दल एक ओळ असते. ‘नीटनेटके पण आरामशीर’ अशा अर्थाची. या एका ओळीवर आमचा हंगाम चालतो. कारण तिचा अर्थ कुणालाच कळत नाही. लोक ती ओळ फोनवर उघडून माझ्यासमोर धरतात. मी इथं शाळा शिकले, म्हणजे मला कळणार. मला कळायचं नाही. मी गुपचूप शाळेच्या वेबसाइटवर जायची आणि फोटोंमधले टाय मोजायची. दहा मुलांत पाच टाय दिसले की आत्मविश्वासानं सांगायची, “काका, टाय लागेल.”

आईची पद्धत वेगळी. ती म्हणते, कपडा आरशापुढं बघायचा नसतो, चालताना बघायचा असतो. आमच्याकडं ट्रायलला आलेल्याला आई नुसतं उभं करत नाही. दुकानाबाहेर फूटपाथच्या कडेवरून वर-खाली चढायला लावते, वाकून पिशवी उचलायला लावते, खुर्चीत बसवते, समोरच्याला हात मिळवायला सांगते. पुण्याचे एक फार मोठ्या हुद्द्यावरचे काका आमच्या पार्किंगमध्ये कोट घालून दहा वेळा उठाबशा काढत होते आणि किराणा दुकानातल्या बायका काचेतून बघत होत्या. शिवाय आईचा एक नियम, की शाळेत घालायचे कपडे हँगरवर न्यायचे, प्रवास साध्या कपड्यांत करायचा आणि पोचायच्या आधी कुठंतरी बदलायचं. तीन-चार तास गाडीत बसून पँटच्या गुडघ्यांची काय अवस्था होते ते आपल्याला माहीत आहे.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मापावरून. आपल्या लोकांना मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची सवय. सुलभाकाकूंनी मुलाला आणलेला ब्लेझर इतका मोठा होता, की त्यानं हात पुढं केला तर नुसती बाही पुढं यायची.

“नववी-दहावी तरी निघायला हवी ना यात,” सुलभाकाकू म्हणाल्या.

आई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, “वहिनी, मुलाखत नववीची आहे का अकरावीची?”

शेवटी आईनं बाही आत घेतली, पण कापड कापलं नाही. आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. मूल वाढलं की ती उसवून कपडा मोठा करता येतो. सुलभाकाकू एकदम खूष. घरी जाताना त्यांनी तीन वेळा बाही उलटी करून ती आतली माया बघितली.

आणि माझी एक चूक आधीच सांगून टाकते. एका कुटुंबात आजींनी ठरवलं की सगळ्यांनी एकसारखं दिसायचं. आजी, आई, बाबा, दोन मुलं, पाचही जण मोरपंखी. आईनं कपाळाला हात लावला, पण मी म्हटलं, छान दिसेल. शाळेतल्या बाईंनी दारातच विचारलं, तुम्ही कुठल्या गायनवृंदातून आलात का? मुलाला प्रवेश मिळाला तो भाग वेगळा. पण तो मुलगा अजून मला किराणा दुकानात भेटला की भुवया उंचावून बघतो.

आता खरं सांगायचं ते. मागच्या हंगामातलं.

गार्गी नावाची तेरा वर्षांची मुलगी. तिचे आईबाबा, मेघनाकाकू आणि प्रशांतकाका, दोघंही आयटीत. काकू पुण्याच्या, काका नागपूरचे. गार्गीला नाटकातल्या दिव्यांचं वेड होतं. स्टेजवर उभं राहायचं नाही, स्टेजवरच्या लोकांवर प्रकाश टाकायचा. तिच्या शाळेत दोन दिवे आणि एक बंद पडणारा स्विच होता. व्हर्जिनियात डोंगरात एक निवासी शाळा आहे, तिथलं थिएटर मुलंच चालवतात, हे तिनं शोधून काढलं होतं. ती त्या थिएटरचे फोटो आम्हाला दाखवायची. “ताई, यू डोन्ट अंडरस्टँड, देअर इज अ ब्रिज! आपण वर चालू शकतो, लाइट्सच्या वर!”

काका या सगळ्याच्या विरोधात होते. आरडाओरडा नाही, नुसते गप्प. महिनाभर गार्गी मागं लागल्यावर ते एवढंच म्हणाले, “एकदा येईन. बघीन. पटलं तर पाहू.” म्हणजे सगळं त्या एका शनिवारावर आलं होतं. ते एक दिवस तिथं आले तरच पुढचं काही शक्य होतं. हे गार्गीला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि ट्रायलच्या वेळी आम्हालाही कळलं.

कारण काकांनी नवा कोट घ्यायला नकार दिला. “आहे ना एक घरी. काहून नवा घ्यायचा?” तो ‘एक’ म्हणजे त्यांच्या लग्नातला, रिसेप्शनचा सूट. सोळा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट. काळपट करड्या रंगाचा, नागपुरात शिवलेला. मेघनाकाकू हळूच म्हणाल्या, “बटण लागत नाही हो.” काका म्हणाले, “श्वास घेतला नाही तर लागते.”

आईनं कोट उलटा केला आणि तिचा चेहरा खुलला. “काय माणूस असेल! मागं दोन इंच माया सोडलीय. पँटला तर अडीच.” नागपूरच्या त्या टेलरनं, न बघितलेल्या शिंप्याला ओळखीची खूण ठेवावी तशी, प्रत्येक शिवणीत जागा ठेवली होती. आईनं गुरुवारी पँटची मागची शिवण उसवली, नव्या मापावर कच्चे टाके घातले. कच्चे टाके म्हणजे लांब लांब, सैल, नुसतं ट्रायलपुरतं धरून ठेवणारे. ट्रायल नीट झालं की त्यावर मशीनची पक्की टीप मारायची आणि कच्चा दोरा ओढून काढायचा.

आमच्याकडं प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टोचलेली असते. राहिलेलं काम त्यावर लिहिलेलं असतं. काम संपलं तरच चिठ्ठी काढायची. शुक्रवारी संध्याकाळी मी लॅबची परीक्षा देऊन धावत दुकानात आले. आई कोट शिवत बसली होती. मी पँटला इस्त्री करायला घेतली. चिठ्ठी वाफेत भिजत होती म्हणून काढली आणि टाचणीसकट माझ्याच स्वेटरच्या बाहीला टोचून ठेवली. तेवढ्यात काका अर्धा तास लवकर आले. मी पँट पिशवीत घातली, वर कोट लावला, हसून दिली. “ऑल द बेस्ट, काका!”

शनिवारी सकाळी साडेसहाला घरी स्वेटर घालताना मला टाचणी टोचली.

‘मागची शिवण – टीप बाकी.’ आईच्या अक्षरात.

मी आईला सांगितलं. तिनं फक्त फोन पुढं केला. “लाव.”

मेघनाकाकूंनी उचलला. सहालाच निघाले होते. दहाला शाळेत पोचायचं होतं. आईनं फोन स्पीकरवर टाकला.

“मेघना, प्रशांतरावांनी सूट घातलाय का?”

“नाही हो ताई, तुमचा नियम ना. मागं लटकतोय.”

“बरं झालं. पँटची मागची शिवण कच्ची आहे. बसले की उसवणार.”

काकांचं हसू ऐकू आलं. “म्हणजे मुलाखत घेणाऱ्या बाईसमोर बसलो की कार्यक्रम संपला.” मग गंभीर होऊन, “जीन्स आहे माझ्या अंगावर. जीन्सवर येतो.”

“जीन्स चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय अहो,” काकू म्हणाल्या. “आणि वाटेतली दुकानं उघडायला दहा वाजतील.”

“मग परतच फिरू. होऊन राहिलंय ते चांगल्यासाठीच. पुढच्या वर्षी पाहू.”

मागून गार्गीचा आवाज आला, एकदम बारीक. “बाबा, नो. प्लीज. यू सेड वन टाइम. पुढच्या वर्षी नववी सुरू झालेली असेल.”

आईनं फोन तोंडाजवळ घेतला. “प्रशांतराव, गाडी वळवू नका. आम्ही येतोय. शाळेच्या पार्किंगमध्ये भेटा.”

“अहो ताई, तीन-सव्वातीन तासांचा रस्ता आहे!”

“आम्ही तुमच्या मागं अर्ध्या तासावर आहोत म्हणजे,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

हंगामातल्या शनिवारी आमचं दुकान कधी बंद राहिलं नव्हतं. बाबांनी दारावर कागद लावायची जबाबदारी घेतली. आईनं सुया, दोरे आणि कात्रीचा डबा मांडीवर घेतला, मी गाडी काढली. आईच्या अंगात दुकानातला रोजचा कुर्ता, त्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, पायात बाबांनी सेलमधून आणलेले बूट. मला भीती वाटत होती, रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. आम्ही दोघी आजवर कामाशिवाय कुठंच गेलो नव्हतो. हेही कामच होतं म्हणा. पण झाडं लाल-पिवळी झाली होती आणि रस्ता मोकळा होता.

“काकांना पँटची अडचण नाही,” आई मधेच म्हणाली. “त्यांना कारण हवंय. आपण कारण पुरवलं.”

“मी पुरवलं.”

“दुकान माझं आहे.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुमच्या कॉलेजातपण असं असतं का गं? आईबापांना बोलवून फिरवतात?”

मी म्हटलं, “हो.”

“मग आम्हाला नाही बोलावलं?”

बोलावलं होतं. ईमेल आला होता, कुटुंबासाठी दिवसभराचा कार्यक्रम, जेवण, टोप्या. मी घरी सांगितलं होतं की पालकांनी यायची गरज नसते. तिथं सगळ्यांचे आईबाबा डॉक्टर-इंजिनिअर असतील, मग आई काय बोलेल, बाबा काय घालतील, असं काहीतरी मनात होतं. मी हे आईला तिथंच, गाडी चालवता चालवता सांगितलं. लाज वाटली म्हणून की भीती वाटली म्हणून, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आईनं मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाली, “पुढं ट्रक आहे, बघून चालव.”

पावणेदहाला आम्ही पोचलो. लाल विटांच्या इमारती, मधे मोठं हिरवं मैदान, मागं डोंगर. पार्किंगमध्ये काका गाडीला टेकून उभे. गार्गी निळा ड्रेस आणि ब्लेझर घालून, केस घट्ट बांधून, कधीही धावत सुटेल अशी. आईनं पँट घेतली, आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली आणि हातानं बखिया घालायला सुरुवात केली. बखिया म्हणजे प्रत्येक टाका मागं घेऊन पुढं जायचं. मशीनच्या टिपेइतका पक्का, फक्त वेळ लागतो. मी सुईत दोरे ओवून देत होते.

तेवढ्यात आमच्या शेजारून तिथली मुलं नाश्त्याला निघाली. एकाच्या अंगात पायजमा. दुसरीच्या पायात मोज्यांवर चपला. तिसरा चक्क ब्लँकेट पांघरून चालला होता. शनिवार होता. सहा वर्षं मी मोजलेले टाय कुठंच नव्हते.

काका माझ्याकडं वळले. “अमृता. हे लोक काय घालून राहिले?”

मला जमिनीत जावंसं वाटलं. मेघनाकाकू आधी फसकन हसल्या, मग गार्गी, मग आम्ही सगळेच. आता जीन्सवर जायलाही काही हरकत नाही हे उघड दिसत होतं, आणि ते काकांच्याही लक्षात आलं होतं. आईनं दोरा दातांनी तोडला, पँट दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि त्यांच्यापुढं धरली. काका तिच्याकडं बघत राहिले, कुर्त्यावरच्या दोऱ्यांकडं, बुटांकडं. मग पँट घेतली. “शिवली आहे तर घालतो,” ते म्हणाले आणि स्वच्छतागृहाकडं गेले.

आम्हाला फिरवायला हॅना नावाची सोळा वर्षांची मुलगी आली. तिनं विचारलं, हे सगळे कुटुंबातलेच का? मी नाही म्हणणार एवढ्यात गार्गी म्हणाली, “यस. माय मावशी अँड माय ताई.”

“मी बसते गं गाडीत,” आई म्हणाली. “अशा अवतारात कुठं येऊ?”

“चला ताई,” काका म्हणाले. “शिवण गेली तर मी कोणाला शोधू?”

मग आम्ही सहा जण निघालो. लायब्ररी, प्रयोगशाळा, मोठ्या खिडक्यांची जेवणाची खोली. माझी नजर ठरत नव्हती. आई प्रत्येक ठिकाणी काहीतरी विचारायची आणि मी हॅनाला इंग्रजीत सांगायची. इतक्या मुलांची धुलाई कोण करतं? बटण तुटलं तर? आंघोळीला गरम पाणी पुरतं का? हॅना म्हणाली, असे प्रश्न तिला कुणी विचारलेच नव्हते, आणि ती मनापासून उत्तरं द्यायला लागली. जिने चढताना मी फक्त काकांची मागची शिवण बघत होते.

थिएटरमध्ये शिरलो आणि गार्गीनं काकूंचा हात सोडला. वर खरंच पूल होता, लोखंडी, अरुंद. दिव्यांचं काम बघणाऱ्या एका मुलीनं विचारलं, वर येतेस? गार्गी ब्लेझर काढून माझ्या हातात कोंबून शिडी चढली. आम्ही खाली अंधारात. काका नकळत चालत स्टेजवर गेले, ती कुठं आहे ते बघायला. आणि वरून एक दिवा लागला, बरोबर त्यांच्यावर.

“बाबा, डोन्ट मूव्ह!” वरून आवाज आला. दिवा पांढऱ्याचा हळूहळू पिवळसर झाला, मऊ झाला. काका डोळ्यांवर हात धरून वर बघत होते. त्या उजेडात मला आणि आईला कोटाच्या पाठीवर, आईनं माया उसवली होती तिथं, एक पट्टा स्पष्ट दिसला. जितकं कापड सोळा वर्षं शिवणीच्या आत होतं, तितकं जास्त गडद. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आम्हाला ते कळलंच नव्हतं. आई माझ्या कानात पुटपुटली, “इस्त्री करताना वाफ द्यायला हवी होती.” पण ती दिव्याकडं बघत होती.

हॅनानं शेवटी वसतिगृहातली तिची खोली दाखवली. दोन पलंग, दोन टेबलं, खिडकीत रोप. काका दारातच थांबले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं. त्यांनी विचारलं, इथं रडू आलं तर तू कुठं जातेस?

हॅना गडबडली नाही. ती म्हणाली, पहिला महिनाभर दर रविवारी रडले. खाली आमच्या वसतिगृहाच्या बाई राहतात, त्यांच्या स्वयंपाकघराला कडी नसते. मी जाऊन टोस्ट करून खायची. त्या काही विचारायच्या नाहीत, लोणी पुढं सरकवायच्या.

काकांनी मान हलवली. कॉरिडॉरमध्ये आल्यावर ते आईला म्हणाले, हळू, पण मला ऐकू आलं. “मला सहावीत ठेवलं होतं ताई, तालुक्याच्या वसतिगृहात. बाबा सोडून गेले ते दिवाळीलाच आले. तोवर मी कोणापुढं बोललो नाही.”

आई म्हणाली, “तेव्हा कोण विचारायचं?”

मग मुलाखती झाल्या. आधी गार्गीची, मग काका-काकूंची. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार उघडलं तेव्हा काकू हसत होत्या, काकांचा चेहरा तसाच. शिवण शाबूत होती. परत निघताना गार्गीनं गाडीच्या काचेतून मला खुणेनं विचारलं, काय वाटतं? मी खांदे उडवले. यावेळी तरी मी आत्मविश्वासानं काही सांगितलं नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी मी आईबाबांना माझं कॉलेज दाखवायला नेलं. आईनं चालून, बसून, वाकून बघत बाबांचा शर्ट स्वतः बसवला. बाबा लायब्ररीत सगळा वेळ कुजबुजत बोलत होते, अगदी बाहेर आल्यावरसुद्धा.

मार्चमध्ये गार्गीला प्रवेश मिळाल्याचा ईमेल आला. मेघनाकाकूंनी फोन केला तेव्हा त्या एकाच दमात तीन वाक्यं बोलत होत्या. पण शेवटी म्हणाल्या, “हे अजून काही बोललेच नाहीत गं. वाचलं आणि फिरायला गेले. उत्तर द्यायला महिना आहे.” गार्गी त्या महिन्यात दोनदा दुकानात आली. काम काही नव्हतं. टाचण्यांचा डबा रंगांनुसार लावून गेली.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी कॉलेजमधून येऊन मशीनवर बसले होते. काका एकटेच आले. ऑफिसच्याच कपड्यांत, हातात दोन मोठ्या पिशव्या. टेबलावर त्यांनी सगळं ओतलं. मोजे, टॉवेल, उशांचे अभ्रे, स्वेटर, पायजमे. वर शाळेचा कागद. तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक वस्तूवर नाव शिवून पाठवायचं असतं. आणि खिशातून त्यांनी एक रोल काढला. पांढऱ्या फितीवर निळ्या धाग्यात विणलेलं गार्गीचं नाव, पुन्हा पुन्हा, हातभर लांब.

मी ओरडलेच. आई मशीन सोडून उठली. काका लाजल्यासारखे हसले. “कालच ‘होय’ कळवलं,” ते म्हणाले. “ती अजून ओरडून राहिली आहे घरी.”

“ठेवून जा काका,” मी म्हटलं. “दोन दिवसांत देते.”

“नाही,” ते म्हणाले. “मला फक्त दाखव कसं करायचं.”

आईनं त्यांना आपल्या शेजारी स्टूल दिलं. त्यांनी चष्मा वर सारला, पहिला मोजा हातात घेतला. टाके वाकडे पडत होते, एक लांब, एक आखूड. बोटाला सुई लागली, त्यांनी बोट चोखलं आणि पुन्हा धरली. तीन मोजे झाले. मला राहवेना.

“काका, इस्त्रीनं चिकटणारी लेबलंपण मिळतात. पाच मिनिटांचं काम.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले आणि चौथा मोजा घेतला.